पृथ्वीगोलावरचा दोरा

ताई : एक मोजा सुटा आहे. दुसरा कुठाय?

आई : एक हजार एकशे बेचाळीस.

ताई : गॅस खालून बंद केलास?

आई : एक तास पस्तीस मिनिटं.

ताई : कात्री हातातल्या पिशवीत नको, काढून घेतील.

आई : दोन विमानतळांमधलं अंतर सांगतेय गं. किलोमीटरमध्ये. पृथ्वीगोलावर दोरा लावून काढलं होतं मी. मग मोबाईलवर बघितलं, तर फरक फक्त अठराचा!

ताई : तीस वर्षं भूगोल शिकवलास, तरी हौस फिटली नाही.

आई : तिकिटावर दोन तास पाच मिनिटं लिहिलंय. पण हवेत एक पस्तीसच. बाकीचा वेळ नुसतं जमिनीवर रांगत राहतं.

ताई : छोटीच्या गावाचं सगळं पाठ तुला. आता तिथलं तापमानही सांगशील.

आई : चोवीस.

ताई : आई!

आई : तूच काढलंस.

ताई : माझ्या घरापर्यंत लावलास कधी दोरा?

आई : तुझं घर नि माझं घर एका बोटाखाली झाकलं जातं. दोरा कुठं लावू?

ताई : पंचवीस मिनिटं. बसनं. नऊ वर्षं, दर रविवारी. तुझी विजेची बिलं, तुझे चष्मे, तुझा गुडघा. आणि ती वर्षातून एकदा उगवते, तर तू सकाळपासून मोबाईलवर ते इवलंसं विमान सरकताना बघत बसतेस. चहा निवतो तुझा.

आई : तुझी बस दिसते का त्याच्यावर?

ताई : दिसली असती तर बघितली असतीस?

आई : जरा बॅगेवर बस. चेन लागत नाहीये.

ताई : बसले. आणि हा पृथ्वीगोल? हा कशात मावणार?

आई : मांडीवर घेईन.

ताई : महिनाभरासाठी एवढी पृथ्वी कशाला न्यायची?

आई : येताना वीस मिनिटं जास्त लागतात, बरं का. समोरून वारा असतो.

ताई : येताना म्हणजे कधी? तारीख काय?

आई : हं, लागली बघ चेन.

ताई : आई, परतीचं तिकीट कुठाय?

आई : काढलं नाही.

ताई : म्हणजे जिंकली ती.

आई : शर्यत होती का?

ताई : तुला नसेल. आम्हा दोघींना होती.

आई : खाली टॅक्सी आलीय. तू ती मोठी बॅग धर. जिना उतरताना माझा गुडघा ऐकत नाही.

(विमानतळावरून परत येताना, त्याच टॅक्सीत.)

टॅक्सीवाला : आई फिरायला चालल्यात वाटतं?

ताई : राहायला. माझ्या धाकट्या बहिणीकडे.

टॅक्सीवाला : कायमच्या?

ताई : हो.

टॅक्सीवाला : नशीब काढलं बहिणीनं.

ताई : तिचं पहिल्यापासूनच तसं आहे.

टॅक्सीवाला : पुलावरून घेऊ की खालून? वर गर्दी दिसतेय.

ताई : मार्चमध्ये आईनं आधी मला विचारलं होतं, तुझ्याकडे येऊ का राहायला म्हणून. मी म्हणाले, बघू.