नत्थुजीनं कासरा ओढला

१८६४ साल. अमरावतीच्या बाजारात कापूस तोलायच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेतकरी कालच्या शंकरपटाबद्दल, बैलजोड्यांच्या शर्यतीबद्दल, बोलत होते.

"नांदगाव पेठच्या नत्थुजीची जोडी गाडीभर पुढं होती. लोकं झाडावर चढून पायत होते."

"मंग हरला काहून?"

"शेवटाले त्यानं कासरा ओढला. म्या सोताच्या डोयानं पायलं."

"कोनीतरी फितवला असन."

"मलेबी तोच शक हाय."

त्यांच्या पुढचा, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेला माणूस मागे वळला.

"मीच नत्थुजी. कासरा ओढला म्या."

"काहून ओढला?"

"डावा बैल लंगडून राहिला होता."

"आमाले नाही दिसला लंगडताना."

"तुमाले धूळ दिसली. त्याचा कासरा माह्या हातात होता, मले समजलं."

"असं तर कोनीबी म्हनन. कुठी हाय तो बैल?"

"घरी बांधला. खूर फाटला त्याचा. म्हनून पायी आलो."

"उजवा तर धड हाय ना? त्याले काहून नाही आनलं? जोडीले कोनाचा बैल उसना घ्यायचा."

"सकायी सोडून पायला. डाव्याले गोठ्यात ठेवून तो दाराबाहीर निंघत नाही."