चिठ्ठीनं न उघडणारं दार

नाई जवाईबापू, चिठ्ठी खरी हाय — मले वाचता येत नाई, पन मालकाची सही वळखतो मी, कोंबडीनं पाय झाडल्यावानी — पन चिठ्ठीनं हे दार उघडत नाई. बिल्ला पाह्यजे. हाय बिल्ला? नाई ना. मंग बसा स्टुलावर. रागावू नका. सकाळी सोता सासरे तुमाले हे कापसाचं जिन दाखवाले घेऊन आले, तवा बी मी अडवलंच, तुमी पाह्यलं. 'कडूबा, आज तुहा बिल्ला उतरवतो, घरी बसवतो,' म्हने. बसवतील. मालक हायेत ते. काऊन अडवलं म्हन्ता? सांगतो, जरा दमानं, मले घाईनं बोलता येत नाई.

दोन सालाखाली आग लागली हितं. गठाणी दाबाच्या प्रेसमधला, मशीनीले तेल देनारा तेलवाला बिडी घेऊन तिकडं रेच्यावर, सरकी काढाच्या मशीनीपाशी, मोकळ्या कापसात, गप्पा हाणाले गेला — बस, तेवढंच. वाईट माणूस नाई तो. आपल्या जागी असता त त्या बिडीनं त्याचीच मिशी जळली असती. तवा मालकानंच नियम केला — जो तो आपल्या खोलीत. लाल बिल्ला रेच्याचा, निळा प्रेसचा, पिवळा सरकीचा. लालवाल्यानं निळ्या दारात पाय ठेवाचा नाई, निळ्यानं लाल दारात नाई. अन् ज्याचा रंग दारावर नाई, त्याले नाई म्हनजे नाई, पुसाचंच नाई. मालक म्हने, 'माहा बी बिल्ला पांढरा, हापिसापुरता. मी चिठ्ठी देली, शिव्या देल्या, तरी सोडू नको.' मी म्हनलं, मालक, शिव्या देल्या तरी? म्हने, हाव, तरी. आज देल्या. मले वाटलं, परीक्षाच घेऊन राह्यले!

पयला महिना कोणाले अडवाचं नव्हतं — नुसतं टिपून ठेवाचं, कोन कुठं घुसते ते. मले लिवता कुठं येते? मी चित्रं काढे. तेलवाल्याची मिशी, बायायचं कुंकू, मालकाची टोपी. आखरीले वही उघडली त पानभर टोप्याच टोप्या! मालक हसले, मंग खोकलले, मंग म्हने, उद्यापासून अडव. तवापासून अडवतो. आमदाराच्या भाच्याले अडवलं, मालकाच्या मोठ्या भावाले अडवलं, एक बैल बी अडवला —

माहं चित्र होतं का म्हन्ता? माहं कायचं चित्र, मी त दारावरचा मानूस, माहा बिल्ला उंबऱ्याबाहेरचा — नाई, एकदाबी नाई — बरं, एकदा. तुमी लय शांत आयकता हो, तोंडातून निंगून जाते. आमची बुढी, माही बायको, आत कापूस निवडते. त्या आगीत तिच्या पदराले धग लागली होती, तेच लुगडं नेसते अजून, नवं घेत नाई. तुसं उडतेत आत, खोकते दिवसभर. मले हितं आयकू येते. खोकला आयकू आला का मले बरं वाटते — उलटंच हाय माहं — अन् थांबला का जीव लागत नाई. तसा एकदा थांबला. मी गेलो आत. नियम पक्का झाल्यावर गेलो. त काय, बसली होती बायायसंग हसत, गुळ खात! मले पाहून म्हनते, 'काऊन आले जी तुमी?' मी म्हनलं, बैल आला का पाह्याले आलो. मंग आनखी गेलो. नऊदा झालं. वहीत एकबी नाई काढलं.

हे तुमाले काऊन सांगून राह्यलो मी? तुमी त मालकाचे जवाई!

अन् खिशात शिगारेट हाय तुमच्या, मघापासून वास येते. असू द्या, असू द्या, बाहेर हायेत तुमी, ओढा हो खुशाल.

ते पाहा, मालक येऊन राह्यले. धोतराचा सोगा हातात धरून, म्हनजे लयच भडकले. जवाईबापू, माही भाकर आता तुमच्या जिभीवर हाय. सांगाचं त सांगा, नाई सांगाचं त नका सांगू, मी हात नाई जोडत. पन पाय मागं घ्या. उंबऱ्याच्या मागं. आनखी जरा — हाव. तितंच.