लाइनबॅकरच्या आईचा नवस

...नाही नाही, फोडणी नाही द्यायची, सुनेत्रा, ठेव ती मोहरी परत! तुम्हा पुण्याच्या लोकांना पोहे दिसले की हात मोहरीकडेच जातो — हे नुसते भिजवायचे, मग गूळ, ओला नारळ, वेलची, वर पाच फळं — झाला मलिदा. आम्ही बेने इस्राएली, कोकणातले ज्यू, आमच्या प्रेषिताला, एलियाहू हनबीला नवस बोलतो ना, तो फेडायला हा लागतोच. बस तू, खजुरातल्या बिया काढ. शेजारीण म्हणून आलीस, बरं झालं, माझा नवरा सॉल स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेलाय आणि मला एकटीला काही सुचेना — का सुचेना ते सोड.

माझा बोअझ काय करतो विचारलंस ना? फुटबॉल. पायाने खेळतात तो नव्हे गं, हेल्मेटवाला, लांबट बॉलचा. आणि त्यातही डिफेन्स — लाइनबॅकर! आठ वर्षं प्रोफेशनल खेळला, मॅचमध्ये बॉल हातात किती वेळा आला असेल? — नऊ वेळा. मी मोजलेत. बाकी सगळा वेळ ज्याच्या हातात बॉल त्याला आडवा करायचा, एवढंच काम. शाळेत पोरांना ढकलतो म्हणून मी याला बदडायचे, आणि पुढे लोक त्यासाठी तिकिटं काढायला लागले! पहिल्या मॅचला तर मी उभी राहून ओरडले — अरे बोअझ, उठव त्याला, लागलं असेल त्याला! — सॉलने कोट ओढून खाली बसवलं मला. पुढची बाई हसली. हसू दे. तिचा मुलगा थोडाच होता तिथे?

गेल्या महिन्यात टीमने रिलीज केलं त्याला. रिलीज म्हणजे — लॉकर रिकामा कर, थँक यू, बाय. एकतीस म्हणजे या खेळात म्हातारा गं! तेव्हापासून बेसमेंटमध्ये बसून होता, दाढी वाढवून, जुन्या मॅचेस बघत. मग मी म्हटलं मलिदा करू, तर उठला, दाढी केली, आणि आता खाली सहा नारळ खवतोय. हा खवण्याचा आवाज त्याचाच. त्याला वाटतंय आई नव्या टीमसाठी करतेय. टोरोंटोहून पंधरा माणसं येतायत, त्यांनाही तेच वाटतंय — सगळी त्याच्यासाठी मागणार.

आणि मी? माझं मागून झालंय. मिळूनही झालंय. अशी काय बघतेस? — दोन वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा डोक्याला मार बसला त्याच्या, कन्कशन. मॅचनंतर मी गाडी चालवतेय, हा शेजारी बसलाय, आणि मला विचारतोय, ममा, वेअर डिड वी पार्क? सांगितलं, बेटा, आपण गाडीतच आहोत. बरं म्हणाला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. चार वेळा गं, घरापर्यंत चार वेळा! त्या रात्री मी नवस बोलले — याचं खेळणं सुटू दे, मलिदा करीन. सॉललासुद्धा माहीत नाही. पोराची नोकरी गेली म्हणून पेढे वाटणारी आई मी! तू कुणाला बोलशील ना — नाही, नाही बोलणार तू.

आणि आज काय झालं — हे मात्र कुणालाच — त्याचा फोन इथे काउंटरवर चार्जिंगला होता, वाजला, मी घेतला. पश्चिमेकडच्या कुठल्यातरी टीमचा माणूस. त्यांचा लाइनबॅकर जखमी झालाय, बोअझ उद्याच्या फ्लाइटने येईल का? पाचपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा बघतो. मी म्हटलं, ही इज इन द वॉशरूम. वॉशरूम! दीड तास झाला त्या फोनला. आता किती वाजले? — पंचवीस मिनिटं राहिली. म्हणजे मी काही नाही केलं, नुसती गप्प बसले तरी झालं. फोन आला होता हे कुणाला कळतंय? हो ना?

बोल ना काहीतरी. अशी नुसती बिया काढत बसू नकोस.

डॉक्टर म्हणतो आता फिट आहे. म्हणतो. त्याला काय, त्याने पोटात नाही वाढवलं — पण मग मी काय करू, हे ताट नबीपुढे ठेवायचं, पंधरा माणसं आमेन म्हणणार, आणि मी मधे बसणार पोराचा फोन लपवून? घास उतरेल माझ्या घशाखाली? आवाज थांबला बघ. वर येतोय तो. एक शब्द बोलू नकोस.

आण, बेटा, ठेव इथे. केवढा बारीक खवलायस रे! — बोअझ. हा फोन घे. एका टीमचा माणूस होता, पाचच्या आत कर त्याला. आत्ता कर. अरे, राहिलं माझ्याकडून सांगायचं, नारळाच्या गडबडीत — अरे, सोड, बरगड्या मोडशील माझ्या, मी काय समोरच्या टीमचा बॉलवाला क्वार्टरबॅक आहे? काय म्हणतोस? प्रार्थनेआधीच ऐकलं नबीने? — हो रे राजा. ऐकतो तो. सगळ्यांचं ऐकतो.

सुनेत्रा, तू घरी जा आता. खजूर राहू दे. पाहुणे आले की ये. जा म्हणते ना.