तिसऱ्या मार्गावरचा याबुसामे

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या पक्षीमंडळाच्या शाखेचे प्रमुख इवाबुचीसान. मोरिओकाहून एवढ्या बर्फात गाडी घालून आलेले प्रांत कचेरीतले पाहुणे. जिथे बसाल तिथून उठून चहा ओतायला जाणाऱ्या, आणि आज मुद्दाम खुर्चीत दाबून बसवलेल्या सत्कारमूर्ती ओनोदेरा फुमीसान. आणि शेगडीजवळ जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना हाताकेयामाचा वाकून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. परवा इवाबुचीसानांचा फोन आला, "तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने सहकारी, तुम्हीच बोललं पाहिजे." मी म्हटलं, "मी फुलं देतो, बोलायचं राहू द्या." तर म्हणाले, "फुलं चिदासान देणार आहेत." म्हणजे फुलंही दुसऱ्याच्याच वाट्याला. असो. घरी बसून मी दोन कागदभर गोड गोड लिहून आणलं होतं. ते खिशातच राहणार आहेत, कारण मघाशी अध्यक्षांनी एक आकडा वाचून दाखवला. त्या आकड्याकडे मी येतोच.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. एकोणतीस वर्षं मी ओनोदेरासानांवर जळत आलो आहे. हसू नका. बाई, तुम्हीपण हसताय? म्हणजे तुम्हाला माहीत होतं तर.

या खोऱ्यातल्या पक्षीगणतीत मी त्यांच्या दोन वर्षं आधी आलो. तेव्हा आपले सासामोरी गुरुजी तिसरा मार्ग चालवायचे: देवळाच्या पायऱ्यांपासून दुसऱ्या पुलापलीकडे, जंगलातून बरोबर एक किलोमीटर. मी जंगल खात्यातला माणूस. जर्मन दुर्बीण, तीन पुस्तकं, पेन्सिली टोक काढून खिशात. मला वाटायचं, गुरुजींनंतर हा मार्ग माझाच. दुसरं कोण होतं? आणि मग एका मे महिन्यात पहाटे साडेचारला शाळेच्या स्वयंपाकघरातल्या एक बाई रबरी बूट घालून आल्या. दुर्बीण नाही, पुस्तक नाही, डोक्याला स्वयंपाकघरातलाच रुमाल. पुलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, त्या झुडपात हा कसला किडा किरकिरतोय?"

गुरुजींनी अस्वलं दूर ठेवणारी घंटा वाजू नये म्हणून मुठीत गच्च धरली, आम्हालाही आपापली धरायला लावली. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "फुमीसान, हा किडा नाही, किडे मेमध्ये इथे किरकिरत नाहीत. याबुसामे आहे. मला तर आता तो ऐकूही येत नाही."

पाहुण्यांसाठी सांगतो. याबुसामे म्हणजे अंगठ्याएवढा तपकिरी पक्षी. झुडपाच्या बुडाशी हिंडतो, दिसत जवळजवळ नाहीच. त्याचा आवाज इतका बारीक, की वय झालं की पक्षीवाल्याच्या कानातून पहिला तोच जातो. आमच्यात कोणी कोणाचं वय विचारत नाही, याबुसामे ऐकू येतो का, एवढंच विचारतात. तर त्या दिवशी मला तो ऐकू येत होता. अगदी स्वच्छ. पण मी किडा समजून पुढे चाललो होतो, आणि तीन पुस्तकांत त्याचं चित्र मी पाठ केलेलं होतं. थांबल्या त्या, मी नाही.

तिथून जे सुरू झालं ते सुरू झालं. गुरुजी गेले, बावीस वर्षं झाली. मार्ग ओनोदेरासानांकडे गेला. वर्तमानपत्रवाले आले, फोटोत मध्यभागी ओनोदेरासान, आणि उजव्या कडेला एक कोपर. ते कोपर माझं. ते कात्रण मी अजून ठेवलंय, का ते विचारू नका. गणती संपल्यावर पायऱ्यांवर बसून आम्ही ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खातो. त्यांच्या डब्यातले संपायचे, माझ्या बायकोने, किनुएने केलेले उरायचे. मी ते घरी नेताना वाटेत स्वतःच संपवायचो, तिला कळू नये म्हणून. एकदा तिने विचारलंच, "अहो, एवढा राग कशाचा? बाईंनी तुमचं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, "राग कुठाय?" ती म्हणाली, "मग त्यांचं नाव निघालं की भात का चावता? भात चावायची वस्तू आहे?"

आता त्या जुळवणीविषयी सांगायला हवं. आपल्यातल्या सगळ्यांना ती ठाऊक आहे, पण आज सगळं नीट सांगितलेलं बरं. गणती झाली की सगळे गोल बसतात. एकजण यादीतली नावं वाचतो. आपल्याकडे ते काम चिदासानांचं, कारण त्यांच्या कानाचा भरवसा तेच देत नाहीत. ज्याने पक्षी पाहिला किंवा ऐकला असेल त्याने "हो" म्हणायचं. आणि गुरुजींनी घातलेला नियम असा, की दोघांचे "हो" आले तरच नोंद. एकट्याचा "हो" कितीही मोठ्या माणसाचा असो, कागदावर चढत नाही. पूर्वी दहा-बारा जण बसायचे. गाव रिकामं झालं, शाळा बंद पडली, आणि गेली कित्येक वर्षं आम्ही तिघंच: वाचणारे चिदासान, आणि "हो" म्हणणारे आम्ही दोघं.

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी पुलापलीकडे उभा राहिलो, घंटा मुठीत धरली, आणि मला काही ऐकू आलं नाही. वाटलं, आला नसेल अजून. जूनमध्ये परत तेच. गुपचूप मोरिओकाला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टर तरुण होता, म्हणाला, "आजोबा, वरचे सूर गेलेत. रोजच्या बोलण्याला काही अडत नाही." त्याला काय माहीत माझं रोजचं बोलणं काय असतं.

मी कुणाला सांगितलं नाही. किनुएलाही नाही. जुळवणीला बसलो, चिदासानांनी वाचलं, "याबुसामे." ओनोदेरासान म्हणाल्या, "हो, तीन." आणि माझ्या मनात काय आलं असेल? पक्ष्याचं काही आलं नाही. एवढंच आलं, की या बाईला ऐकू येतो आणि मला येत नाही, हे हिला कळता कामा नये. मी म्हटलं, "हो, तीनच." पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. सात वर्षं.

मागच्या महिन्यात शाखेने ठरवलं, की ओनोदेरासान आता थांबणार आणि येत्या मेपासून तिसरा मार्ग हाताकेयामाकडे. बावीस वर्षं ज्यासाठी तोंडाला पाणी सुटलं होतं ते ताट समोर आलं. मी वह्या घ्यायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कोतात्सूत, खाली शेगडी असलेल्या त्या बैठ्या टेबलाच्या गोधडीत, पाय घालायला लावले, मुळ्याचं लोणचं पुढे ठेवलं, आणि म्हणाल्या, "हाताकेयामासान, याबुसामे अजून नीट ऐकू येतो ना तुम्हाला?"

"येतो की," मी म्हटलं.

"मला नाही येत. आठ वर्षं झाली."

लोणच्याचा तुकडा माझ्या तोंडात तसाच राहिला. मी विचारलं, "मग 'हो' कशाच्या जिवावर म्हणत होता?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या. पुलापलीकडे तुम्ही थांबायचात, मान कलती करायचात, डोळे मिटायचात. किती ठिकाणी थांबलात ते मी मोजायची. तीन ठिकाणी थांबलात, म्हणजे तीन. पाप लागलं असतं, पण तुमचा कान होता म्हणून नोंद खरी आहे, या समाधानावर राहिले. समारंभात सगळ्यांना सांगून टाकणार आहे."

मंडळी, मी मान कलती करायचो कारण मला काही ऐकू येत नव्हतं. जिथे तो पूर्वी असायचा त्या तीन जागी मी थांबायचो, जीव कानात आणून उभा राहायचो. त्या माझं थांबणं मोजायच्या, आणि मी त्यांच्या "हो"ची वाट बघायचो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. उलट काय केलं, ते ऐका. मी म्हटलं, "छे छे, कशाला सांगता? माझा कान आहे ना. तुमची इतक्या वर्षांची अब्रू, उगाच कशाला?" मोठ्या मनाचा झालो. त्यांच्याकडून गप्प राहण्याचा शब्द घेतला. त्यांनी डोळे पुसले आणि माझे आभार मानले. वह्या काखेत मारून मी बर्फातून घरी आलो, आणि खोटं कशाला बोलू, एकोणतीस वर्षांत इतका हलका मी कधी चाललो नव्हतो. त्यांना येत नाही, आणि त्यांच्या मते मला येतो. बस्स, एवढंच मला हवं होतं.

आणि मघाशी अध्यक्षांनी वाचलं, की सगळ्या खोऱ्यात झुडपातले पक्षी घटत आहेत, पण तिसऱ्या मार्गावर याबुसामे आठ वर्षं तीनच्या तीन, आणि हे ओनोदेरासानांच्या कानाचं यश. तुम्ही टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वहीत टिपून घेतलं. मी ओनोदेरासानांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती, आणि टाळ्या संपेपर्यंत वर केली नाही. मला दिलेला शब्द त्या पाळत होत्या. ते मात्र मला बघवलं नाही.

इवाबुचीसान, तो आकडा कुणाच्याच कानाचा नाही. तिसऱ्या मार्गावर याबुसामे तीन असतील, तीस असतील, किंवा सात वर्षांपूर्वीच संपले असतील. आम्हा दोघांना माहीत नाही. पाहुण्यांनी कृपा करून वहीतलं खोडावं. मार्गही मला देऊ नका. मोरिओकाहून कुणी चांगल्या कानाचं मिळालं तर पहिल्या वर्षी वाट दाखवायला मी येईन, आणि तोंड बंद ठेवीन. ओनोदेरासान, तुमच्यानंतर बोलायची पाळी कुणाची नाही, शेवटचं भाषण तुमचंच आहे. तुमच्याकडून घेतलेला शब्द मी या सगळ्यांसमोर परत करतो. हवं ते बोला. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही द्या, मी पहिल्या रांगेत बसतोय.

आता एक बाकी आहे, आणि ते सांगताना मला खरोखर त्रास होतोय. तुमचा कान गेला आठ वर्षांपूर्वी. माझा गेला सात. परवा घरी बसून हिशेब केला तेव्हा हे ध्यानात आलं. मधलं एक वर्ष, त्या मेमध्ये, पुलापलीकडे, तिन्ही जागी मी याबुसामे ऐकला होता. तुम्हाला येत नव्हता आणि मला येत होता. तुम्ही "हो" म्हणालात ते माझ्या कानावर विसंबून. सगळ्या एकोणतीस वर्षांत तो एक वसंत मी तुमच्या पुढे होतो, आणि मला पत्ताही नव्हता. त्याही वर्षी मी तुमच्याकडे बघून जळतच परत आलो.

सभेचा वेळ मी जास्त घेतला. चिदासान कधीपासून घड्याळ दाखवताहेत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या, पण कागदावर झालंय ते घेऊ नका. सात पानांवरचा याबुसामे खोडा. आणि आठव्या पानावरचा, जो मी ऐकला होता, तोही खोडा. नियमाला दोन "हो" लागतात, आणि त्या वर्षी एकच होता.