मांगची गल्ली

माहा जन्म जुन्या गावातला. वणीपासून फार लांब नाही, खाणीच्या काठावर होतं आमचं गाव. खाण सरकत सरकत आली अन् आमाले उचलून नव्या गावात आणून ठेवलं, तेव्हापासून आमच्याकडे गावाले नावच राह्यलं नाही, जुनं गाव अन् नवं गाव, बस. बाप बैलबंडी हाकत होता, मी कोळशाचा ट्रक हाकला, मंग कंबर गेली तेव्हा ट्रक सोडला अन् ही माणसायची गाडी घेतली. काय सांगू तुमाले, ट्रकातला माल बोलत नाही, हा माल वणीपासून यवतमाळपर्यंत बोलते.

कंबर दुखते म्हणून मी गाडी हळू चालवतो, त्याचा म्हाताऱ्यायनं अर्थ काढला का गजू लय काळजीचा आहे. म्हणे गजूच्या गाडीत पोटातलं पाणी हालत नाही. असं करता करता म्हाताऱ्यायच्या सहलीच माह्या अंगावर पडल्या. मले ते काम जमलं बी. म्हाताऱ्या माणसाची सहल म्हणजे काय, पाह्यचं काय ते मांगून ठरवा, आंधी बसायचं कुठं अन् लघवीले जायचं कुठं ते पाहा. गाडीच्या दाराखाली ठेवायले मी एक लाकडी पाट करून घेतला, कारण गाडीची पायरी उंच अन् गुडघे जुने. साखरेवाल्यायले जेवण उशिरा चालत नाही. अन् बाया कधीच म्हणत नाही का गाडी थांबव, तोंड दाबून बसून राहीन पण म्हणणार नाही, म्हणून आपणच थांबवायची अन् म्हणायचं चला काकू, मले चहा प्यायचा आहे, तोवर तुमी जाऊन या. इतकं मले कळत होतं. बायायचं मले सगळं कळते असंच मले वाटे.

तं आमच्या गल्लीत अनसूया काकू आहे. मी लहान असताना माही माय शेतात गेली का मले तिच्या घरी टाकून जाय, तिच्या हातचं खाऊनच मी मोठा झालो. तिचा नवरा जुन्या गावातल्या घरातच वारला, अन् त्याचं वर्ष व्हायच्या आंधीच गाव उठलं. घर सोडताना ट्रकवाला घाई करून राह्यला होता, तं तिले उंबरठ्यावर हळदकुंकू वाह्यचं राहून गेलं. तेव्हापासून तिचं एकच. गजू, मले एकदा माह्या उंबरठ्याले हात लावू दे, मंग त्यायले काय खणायचं ते खणू दे. तिचा पोरगा म्हणे आई, तिथं आता काय आहे, धूळ आहे. पण खाण गावाच्या शेवटच्या घरायले टेकली असं ऐकू आलं, तेव्हा तो बी नरमला. मले म्हणे भाऊ, नेतो तं ने, पण नेली तशी आणून दे. मी हो म्हटलं.

मी म्हणत होतो चार म्हातारे घेऊन चुपचाप जाऊन येऊ. पण हे ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अध्यक्षायले कळलं. ते आमच्या गावचे नाही, तालुक्याचे आहे, पण मायभूमी म्हटलं का त्यायचे डोळे भरून येतात, कोणाची का असेना. त्यायनं बॅनर केला. बॅनरवर त्यायचा फोटो असा मोठा का गावाचं नाव लिवायले जागाच उरली नाही. शाली आणल्या, नारळ आणले, खाणीच्या साहेबाची परवानगी आणली. साहेब म्हणे दुपारी ब्लास्टिंग असते, भोंगा व्हायच्या आंधी निघा.

मी आदल्या दिवशी जागा पाहून आलो. वेशीपर्यंत गाडी जात होती. तिथून थोडं चाललं का गावचा पार, पारावर निंबाचं झाड, सावली दाट. पारापलीकडे घरं, त्यात अनसूया काकूचं. घरायले दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, लोकायनं काढून नेल्या. एका बाजूले खाणीच्या मातीचा ढिगारा देवळाच्या कळसापेक्षा उंच झालता. गावाच्या वेशीवर दोन कुत्रे पडून होते, मी भाकरीचा तुकडा टाकत टाकत आत गेलो तं ते मारुतीच्या देवळापर्यंत आले अन् तिथं उभे राह्यले. पुढं तुकडा टाकला, आले नाही. भाकर तशीच पडून. मी पाराच्या ओट्यावर हात फिरवला, बोट जाईन एवढी भेग होती. म्हटलं जुना ओटा आहे, असनच.

सहलीच्या दिवशी सगळं बरोबर झालं, हेच मले राहून राहून वाटते का सगळं बरोबर झालं. पाट लावला, सगळे हात धरून उतरले. मी खुर्च्या वेशीजवळ बाभळीखाली टाकणार होतो, पण अध्यक्ष म्हणे नाही, ज्येष्ठांचा मान पारावर, फोटोत निंब आला पाह्यजे. मले बी वाटलं सावली तिथं चांगली. मंग माणसं पारावर बसली, मधोमध श्यामराव काका. श्यामराव काका म्हणजे अनसूया काकूचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ, आमच्या गावचे सगळ्यात म्हातारे. वॉकर धरून चालतात, ऐकू कमी येते, पण फेटा कडक. बाया खाली सतरंजीवर, एका बाजूले.

अध्यक्ष बोलायले उभे राह्यले. या मातीनं आपल्याला काय दिलं, इथून सुरू केलं. मी थर्मासातून चहा वाटून राह्यलो होतो, तं कपातल्या चहावर बारीक बारीक गोल उठून राह्यले होते, कोणी हात लावत नव्हतं तरी. अध्यक्ष मातीवरून संस्कारावर आले, संस्कारावरून पुन्हा मातीवर. मंग भोंगा झाला.

साहेब असा भाषणात मधी बोलत नाही, भोंगा बोलते. मी म्हटलं चला चला, गाडीत. सगळे उठले, पाट लावला, चढवले, अन् पाह्यतो तं खिडकीजवळची शीट रिकामी. अनसूया काकू नाही.

मी पारापलीकडे पाह्यलं, रस्ता सरळ, तिच्या घरापर्यंत दिसे, कोणी नाही. आवाज दिला, नाही. म्हटलं पारावरून तं कोणी गेलंच नाही, मंग गेली कुठून? तवा कौसल्या काकू, ते बी जुन्या गावातलीच सून, गाडीतून म्हणे, अरे गजू, येडा झाला का, पारावर श्यामराव बसले नं, ते त्यायच्या पुढून कशी जाईन? मांगच्या गल्लीनं गेली असन.

मी म्हटलं कोणती मांगची गल्ली?

काय सांगू तुमाले, मी त्या गावात जन्मलो, वाढलो, लग्न केलं, अन् मले ती गल्ली माहीत नव्हती. कौसल्या काकू म्हणे तुले कायले माहीत राहीन, माणसं पारावर बसले का सुना तिकडून जात होत्या, पाण्याले, शेतात, बाळंतीण असली तरी तिकडून. घरायच्या पाठीमागून, चपला हातात घेऊन. सासरा बसला, भासरा बसला, त्यायच्या पुढून सून जात नाही. गाव उठलं, घरं पडली, म्हातारीचे दात पडले, पण पारावर भासरा बसला होता.

अन् ती घरायची पाठीमागची बाजू म्हणजेच खाणीची बाजू.

मी पळालो. दोन घरायच्या मधून मांगं निघालो तं एका अंगाले भिंती अन् दुसऱ्या अंगाले काहीच नाही, आभाळच. गल्लीत लांब लांब भेगा पडलेल्या. काकू पुढं चालली होती, एका हातात काठी अन् चपला, दुसऱ्या हातात हळदकुंकवाची पुडी, मान खाली. तिच्यापुढं थोड्या अंतरावर गल्ली संपली होती. तिचं घर त्याच्या पलीकडे, अन् गल्लीचं मधलं वळण खाणीत गेलं होतं. मी वरडलो, काकू थांब! काकू मागं न पाहता म्हणते, तू हो पुढं, आलीच मी. लहानपणापासून मी तिचं ऐकत आलो, काकू माहं कायले ऐकन? मी पाय टाकला तं खालची माती घसरली, मी मागं. दुसरा भोंगा झाला.

तेवढ्यात माह्या मांगून आवाज आला. अनसूये!

श्यामराव काका. कौसल्या काकूनं कानात सांगितलं तसे गाडीतून उतरून वॉकर ढकलत ढकलत आले होते, फेटा सुटून खांद्यावर. तो माणूस तिच्या लग्नापासून आजपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, नाव घेणं तं दूरच. पाणी पाह्यजे असलं तं भिंतीले सांगे, घरात कोणी आहे का. अनसूये, थांब.

काकू जागच्या जागी थांबली. काठी सोडली, चपला सोडल्या, पुडी सोडली, अन् दोन्ही हातानं पदर डोक्यावरून ओढला. पाठमोरी उभी, मान खाली. तिच्या पायापासून काठ किती दूर होता ते मी सांगत नाही. काका म्हणाले, मागं फिर, भिंतीले धरून ये. तशी ते आली, तोंड वर न करता, काका भिंतीकडे तोंड करून उभे राह्यले तवा त्यायच्या मागून निघाली.

गाडी वेशीबाहेर काढली अन् जमीन हालली. मांगं पाह्यलं तं धूळच धूळ. अध्यक्षाचा बॅनर निंबाले बांधलेला राह्यला, त्याची आठवण त्यायले तिथंच आली. गाडीत काकू रडत होती. मले वाटलं उंबरठा गेला म्हणून. कौसल्या काकूले म्हणते, त्यायनं माहं नाव घेतलं वं, चार लोकायत.

पोराले मी नेली तशी आणून दिली. म्हणजे काठी अन् चपला सोडून.

आता जुनं गाव नाही. पार होता तिथं आभाळ आहे. इथं नव्या गावात सगळे प्लॉट सरळ, मांगची गल्लीच ठेवली नाही कोणी, नकाशा माणसायनंच काढला असन. श्यामराव काका संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसतात, अन् अनसूया काकूले दळणाले जायचं तं त्यायच्याच पुढून रस्ता. ते येताना दिसली का काका खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसतात, ते गेली का पुन्हा फिरवतात. बोलत नाही. ते एकदाच बोलले.

अन् मांगच्या हप्त्यात काही लोक आले होते, गावामांगच्या वावरात लाल रंगाचे खुंटे ठोकून गेले. कायले, तं म्हणे नुसती मोजणी आहे. गावातले कुत्रे त्या खुंट्यापर्यंत जातात, पुढं जात नाही. अध्यक्ष म्हणून राह्यले पुढच्या सहलीचं पाह्य. मी म्हटलं पाह्यतो.

असो. तुमी एवढ्या दूरून आले, ऐकलं, तुमचं भलं होवो. चहा घ्या. कप अर्धाच भरला म्हणून राग धरू नका, आमच्याकडे आता सगळ्यायले अर्धाच भरतो. पुरा भरला का दुपारच्या टायमाले सांडते.