सही माझी आहे

सदाशिव पेठेतल्या सीटी स्कॅन केंद्रात मंदाकिनीबाई नंबराची वाट पाहत होत्या. शेजारी एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची तिशीतली मुलगी बसली होती. दोघांचं बोलणं कानावर पडलं आणि बाईंनी हातातलं मासिक मिटलं.

"आम्रपाली, माझ्या एका स्कॅनसाठी डॉक्टरांना किती पिडलंस. किरण किती, गरज आहे का."

"विचारायलाच हवं, बाबा."

"मग तू स्वतः अंतराळात सहा महिने राहणार, तिथे किती?"

"अशा आठ-दहा स्कॅनइतके. सूर्यावर वादळ उठलं तर आणखी."

"म्हणजे कॅन्सर?"

"शक्यता थोडी वाढते."

"थोडी म्हणजे?"

"नक्की मोहिमेच्या डॉक्टरांनाही माहीत नाही. जाऊन आलेली माणसंच मोजकी आहेत."

"माहीत नाही असं सांगून संमतीपत्रावर सही घेतात?"

"हो. हे लपवलं असतं, तर मी विचारही केला नसता."

"केलीस सही?"

"उद्या करायची आहे."

"आणि नंतर नको वाटलं तर?"

"उड्डाणाच्या दिवशीसुद्धा नाही म्हणता येतं."

"मी नको म्हटलं तर?"

"ऐकून घेईन, बाबा. पण सही माझी आहे."

गृहस्थांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तिथे झोपायच्या जागेला खिडकी असते का गं?"

तेवढ्यात मंदाकिनीबाईंचा नंबर पुकारला गेला. पण उत्तर ऐकल्याशिवाय त्या काही उठल्या नाहीत.