भांड्यांसाठी असेल तर देते

— पोटासाठी? मग नाही देत हो, बाई. भांड्यांसाठी म्हणाला असतात तर आत्ता पुडी हातावर ठेवली असती. संपला नाही, तो काय, बरणीत दिसतोय की पांढरा – इथं आप्पसोडा म्हणतात त्यास, तुमच्याकडचा खायचा सोडा तो हाच. मघाशी गाडीपाशी तुम्ही फोनवर बोलत होतात ना, तेव्हाच मी कान टवकारले – मराठी! आम्हीपण मराठीच हो, इथलेच, तंजावरच्या राजांच्या वेळेपासूनचे, म्हणून बोलणं असं जुनंपानं, हसू आलं तर हसा. बसा त्या स्टुलावर. काल हॉटेलात सांबार जास्त झालं, छातीत जळजळतंय, एवढंच ना? मग जिऱ्याचं पाणी देते, ताक देते. सोडा नाही.

तसं सोड्यास मी वाईट म्हणत नाही – का म्हणेन? ह्या दुकानात उभं राहण्यात माझा जन्म गेला, ह्या गल्लीतल्या बायकांस सोडा वापरायला मीच शिकवलं. समई चिंचेनं घासली तरी नक्षीच्या खाचेत काळं राहतं ना, तिथं चिमूटभर सोडा नि लिंबाची फोड – फसफसतं, आणि पितळ असं निघतं जसं आजच ओतलंय. चणे भिजवताना चिमूट, सकाळी बोटानं दाबला की पीठ. फ्लास्कात कॉफीचा वास बसला, की गरम पाणी नि चमचाभर सोडा घालून ठेवायचं. फ्रीजमध्ये वाटीत उघडा ठेवा, फणसाचासुद्धा वास ओढून घेतो. मुंगी डसली तर पाण्यात कालवून लावा. भेगाळल्या टाचा कोमट पाण्यात बुडवायच्या, तिथंही सोडा. आणि पोटासही – हो, पोटासही, खोटं कशास बोलू – लग्नाघरचं जेवण जड झालं, अर्धा पेला पाण्यात चिमूट टाकली, एक ढेकर, संपलं. कधीतरी. ऐकताय ना? कधीतरी. रोज नाही. चमच्या-चमच्यानं नाही.

हळू बोला जरा. नाही, रस्त्यावरच्यांचं भय नाही, इथं तुम्ही-मी ओरडून बोललो तरी कुणास एक अक्षर कळायचं नाही. पण तो पडदा आहे ना, त्यामागं आमचे हे निजलेत, त्यांस कळतं. पाटीवर नाव वाचलंत? राजगोपाल स्टोअर्स – तेच हे. निजलेत म्हणजे निजले नाहीत. पडलेत. मी इथून कान देऊन आहे – खोकला आला की मी श्वास सोडते, खोकला नाही आला की... थांबा. ...हां. आला.

माणूस कसा होता म्हणता? पोतं एका हातानं उचलायचे हो! मरुदानल्लूरच्या मठात भजनास गेले की टाळ ह्यांच्याच हातात, गवई चुकला तर चुकला, ह्यांचा टाळ चुकायचा नाही. भय म्हणून काय ते ठाऊक नव्हतं. मग सेतू गेला – सेतू म्हणजे माझा धाकटा दीर, ह्यांचा पाठचा भाऊ. मूत्रपिंडं निकामी झाली त्याची. त्यास डॉक्टरांनी सोड्याच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या – तसल्या आजारात देतात म्हणे, रक्तात आंबटपण चढतं ते उतरायला. मीच त्यास घेऊन जायची, म्हणून मज ठाऊक. डॉक्टर बजावून सांगायचे, अम्मा, मोजून द्या, मधून मधून रक्त तपासू, जास्त झालं तर उलटतं – अंग सुजतं, हातपाय आखडतात, माणूस भ्रमतो. सेतू त्या गोळ्यांवर बरा राहिला, काही वर्षं चांगला राहिला, मग मशीनवर गेला, आणि मग गेलाच. चिता पेटली नि हे माझ्याकडं वळून म्हणाले, "एकाच आईची मुलं आम्ही." एवढंच. पुढं काही नाही. मज वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो.

पण नाही – तेव्हाच शिरलं. तपासून घ्या म्हटलं, तर म्हणतात, तपासलं तर सापडेल. नाही तपासलं तर? तर नसेलच, असं! आणि मग तो फोन. कुठल्या कुठल्या मंडळींच्या ग्रुपात रोज एक येतं – सोडा नि लिंबू प्या, रक्त धुऊन निघतं, मूत्रपिंड नवं होतं, कर्करोगाची गाठसुद्धा विरघळते, डॉक्टर मुद्दाम लपवतात. हे मज वाचून दाखवायचे, डोळे असे चमकायचे. पहिल्यांदा चिमूट. मग सकाळी चमचा. मग सकाळी नि संध्याकाळी. मी बरणी वर ठेवली तर पोतं फोडून घेतलं – दुकानच आमचं, कुठं कुठं लपवू? भांडले, तर म्हणाले, "डॉक्टरनंच सेतूस दिला होता, ते का विष?" दिला होता की. दिलाच होता. त्यातलं खरं एवढंसं, त्याच्याच आडून माणूस मरायला निघालाय – नको, नको, तसं नाही म्हणायचं. जीभ जळो माझी.

पावलं सुजली. बोटानं दाबलं की खळगा पडतो, भरायला वेळ लागतो. मग परवाचं भजन. मी बायकांत बसले होते. अभंग रंगात आला, आणि ह्यांचे टाळ थांबले. बघते तर दोन्ही हातांची बोटं अशी – हे बघा, अशी – टोकं एकत्र, चिमणीच्या चोचीसारखी, आणि मनगटं आत वळलेली. टाळाची दोरी सुटेना. ओठ थरथरतायत. लोक काय म्हणाले सांगू? भाव आला म्हणाले! पांडुरंगानं धरलं म्हणाले! एक म्हातारे उठून ह्यांच्या पायांस लागले, मागून आणखी दोघं लागले, त्या सुजलेल्या पायांस – आणि हे सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडं बघतायत. बाई, मी त्या माणसाबरोबर उभा जन्म काढला, मज त्यांचे डोळे कळतात. तो भाव नव्हता हो. बुडणारा माणूस काठाकडं बघतो ना, तसं. आणि मी तिथं सर्वांसमोर उठून, हा पांडुरंग नाही, हा सोडा आहे, असं कसं म्हणू? बसून राहिले. टाळ्या वाजवत बसून राहिले.

काल रिक्षा बोलावली. आस्पत्रीत जाऊ म्हटलं. हे दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उंबऱ्यात बसले, आणि रडले. केस पिकलेला माणूस, नातवंड यायचंय – आमच्या लेकीस, चैत्रा तिचं नाव, कोइम्बतूरला, दिवस भरत आलेत, तिला कसं सांगू? – लहान लेकरासारखे रडले, सेतू गेला तिथंच मला नेतेस का म्हणाले. रिक्षावाला थांबला बिचारा, मग गेला. आणि रिक्षा गेली तेव्हा मज – सांगू नये, पण तुम्ही कुठल्या, उद्या निघून जाल – तेव्हा मज बरं वाटलं. खरंच. कारण मी तरी कुठं तयार होते? तिथं कुणी काय सांगेल, ते ऐकायला मी तरी कुठं तयार होते? ह्यांना म्हणत होते भित्रे. आणि आज सकाळी हे दुकानात येऊन उभे राहिले, उडीद मोजता मोजता थांबले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सेतूचा डबा पाठवलास का?"

...पाठवला म्हटलं. दुसरं काय म्हणू?

नका, पाणी नको मज. तुम्हीच घ्या ते जिऱ्याचं. बाई – ती गाडी तुमचीच ना? ड्रायव्हर बसलाय ना आत? देवळात उशीर होईल तुम्हांस, ठाऊक आहे, पण ऐका. रिक्षात हे बसत नाहीत, कुणी शेजारी आला तर कडी लावून घेतात. पण पाहुण्यास नाही म्हणायचे नाहीत – मराठी पाहुण्यास तर नाहीच नाही. तुम्ही पडद्याशी उभं राहून एवढंच म्हणा, की मरुदानल्लूरच्या मठास जायचंय, वाट दाखवाल का. तुमच्या त्या मराठीतच म्हणा. उठतील. कसेही असले तरी उठतील. आस्पत्री त्याच रस्त्यावर आहे. खोटं आहे, मज कळतं, देवाच्या नावानं खोटं आहे. पाप लागलं तर मला लागू दे. म्हणाल? जा, जा मग. मी शटर ओढते.

*

इकडून सरळ, ड्रायव्हरदादांस सांगा सरळ – हो, हे बघा, हे ह्या बाजूस पानमळे होते, कुंभकोणमचं पान म्हणजे – मोठ्यानं बोलते हं, पुढं त्यांस ऐकू जायला हवं – पान म्हणजे जिभेवर विरघळतं, देवळाहून येताना नक्की घ्या! ...हळू. त्यांची मान बघा. खिडकीकडं झुकलीय, ती झोपेनं की – चपला चढेनात पायांत, बघितलंत ना? तुम्ही वाकून पट्टा सोडलात, देव तुमचं भलं करो. आणि किती छान उठले हो! तुम्ही म्हणालात, काका, वाट दाखवता का, आणि केसांवरनं हात फिरवून, उपरणं घेऊन – मला ते बघवेना – मठात ना, फार चांगलं असतं, शनिवारी तर उभं राहायला जागा नसते, बायका पुरुष सगळे – काय? काय म्हणालात तुम्ही? तुमचं नव्हे बाई, ह्यांचं. हे काहीतरी म्हणाले.

डावीकडं वळायचं होतं म्हणतायत.

हो. राहिलं वळायचं. ...नाही. चुकलं नाही. मी – आस्पत्री आहे पुढं. तिथं जातोय आपण. ओरडा माझ्यावर. ओरडा, पण गाडीचं दार नका उघडू, तुम्हांस सेतूची – चैत्राच्या बाळाची –

...ऐकलंत का, बाई? ऐकलंत काय म्हणाले? "ठाऊक आहे. ह्या बाई माझ्या पायांत चपला घालत होत्या तेव्हाच कळलं. मठाची वाट दाखवायला मी पुरे, तू शटर कशास ओढशील?" कळलं होतं त्यांस! कळून उठले. मागं न बघता हात मागं केलाय – असा – बोटं सरळ होत नाहीयेत, पण हात मागं केलाय. थांबा, मला पुढं सरकू द्या. धरलाय मी. धरलाय हो. गार आहे.

*

आत नेलंय. चाकाच्या खुर्चीवरून नेलं. रक्त काढलं, छातीस वायरी लावल्या, एक तरुण डॉक्टरीण आहे, सौंदर्या की काय नाव, तिनं बोटं बघितली नि पटकन कुणास तरी हाक मारली. मला म्हणाली, काय खाल्लं ह्यांनी, किती दिवस, किती, सगळं सांगा, काही लपवू नका, आत्ता सांगितलंत तर करता येईल. करता येईल असं म्हणाली. बरे होतील असं नाही म्हणाली, मी नीट ऐकलं. रक्तातलं मीठ सांभाळायचं बघतो म्हणाली, हृदयाचे ठोके नीट नाहीत म्हणाली, मूत्रपिंडाचं मग बघू म्हणाली – त्या ‘मग’वर माझं मन अडकलंय. आत हे पडून आहेत आणि दारातून मला दिसतंय, छताकडं बघतायत. रडत नाहीयेत.

तुम्ही आता निघा, बाई. नाही, खरंच निघा, देऊळ बंद होईल, ड्रायव्हर केव्हाचा बाहेर उभा आहे. तुम्ही आहात तोवर मी ह्याच भाषेत बोलत बसेन, आणि बोलत बसले की असं वाटतं, हे घरातलंच काहीतरी आहे, आमच्या दोघांत मिटेल. आता ते सगळं मला तमिळमध्ये सांगायचंय – चमचा, पोतं, तो डबा, ते टाळ – सर्वांसमोर, मोठ्यानं, कागदावर लिहून घेतील असं. ती बघा दारात आली. राजगोपालची माणसं कोण, विचारतेय.

मी. मीच.

जा तुम्ही.